जास्त मेगापिक्सेल म्हणजे अव्वल फोनवर मात?

‘नव्या फोनचा कॅमेरा १०८ मेगापिक्सेलचा, म्हणजे १२ मेगापिक्सेलवाल्या अव्वल फोनला त्याने मागे टाकलंच,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. आकडा खरा असतो, निष्कर्ष चुकतो. मेगापिक्सेल म्हणजे फक्त फोटोतल्या ठिपक्यांची संख्या; दहा लाख ठिपक्यांचा एक मेगापिक्सेल. दर्जा सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) आकार, लेन्स आणि प्रोसेसिंगवरही ठरतो. ठिपके दाटीने बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. म्हणूनच असे बहुतेक फोन नेहमीच्या मोडमध्ये ९ ठिपक्यांचा एक करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. गॅलरीत फोटोचा तपशील उघडा: ४००० × ३००० दिसलं, तर गुणाकार १ कोटी २० लाख, म्हणजेच १२ मेगापिक्सेल.

नवा फोन सरस असूही शकतो. त्यासाठी दोन्ही फोनवर कमी उजेडात, एकाच जागेवरून फोटो काढा आणि झूम करून ताडून पाहा.