फड पद्धती (खान्देश)

फड पद्धती म्हणजे नदीवर दगडी बंधारा घालायचा, पाटाने पाणी शिवारात आणायचं, गावानेच ते वाटायचं आणि यंदा कुठल्या भागात काय पेरायचं तेसुद्धा गावानेच मिळून ठरवायचं, अशी खान्देशातली जुनी सिंचनाची रीत. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठाने आणि नाशिक जिल्ह्यात बागलाण-मालेगावकडे मोसम, आरम या नद्यांवर ती साधारण ३००-४०० वर्षं चालत आलीय. इथे फड म्हणजे तमाशाचा किंवा कुस्तीचा नव्हे, बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीचा एक सलग तुकडा. शाश्वत विकास, सुशासन, सामाजिक समता हे शब्द हल्ली प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येतात, पण हे तिन्ही विषय एकाच पाटावर कसे येऊन मिळतात ते बघायचं असेल तर साक्रीहून नेर, कुसुंब्याकडे उतरत यावं असं मला मनापासून वाटतं.

नद्या सह्याद्रीत उगम पावतात, तिथे पाऊस बरा, पण खाली धुळ्याकडे आलं की पर्जन्यछाया सुरू होते. म्हणजे पाऊस पडतो एकीकडे आणि तहान असते दुसरीकडे. त्यामुळे वरून वाहत येणारं पाणी वळवून घेणं हाच उपाय होता, आणि पाणी अडवून साठवण्यापेक्षा वळवणं सोपं पडतं. फडाच्या बंधाऱ्याला म्हणूनच मोठा जलाशय नसतो. तो नदीची पातळी थोडी उचलतो आणि पाणी बाजूच्या पाटात शिरतं. पुढे मोटर नाही, पंप नाही, सगळं उताराने. मुख्य पाटातून चाऱ्या निघतात, चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारे छोटे पाट, त्यांना सारंग म्हणतात, आणि जास्तीचं पाणी सांडव्यावाटे परत नदीत. हे परत जाणं फार महत्त्वाचं, कारण नदीवर असे बंधारे एकाखाली एक आहेत, वरच्या गावाचं सांडलेलं आणि जमिनीतून झिरपलेलं पाणी खालच्या गावाच्या बंधाऱ्याला मिळतं.

बंधाऱ्याखालची सगळी भिजणारी जमीन म्हणजे थळ, आणि थळाचे बहुतेक ठिकाणी तीन-चार फड पाडलेले. एका फडात एका वेळी एकच पीक. एकात ऊस असला तर दुसऱ्यात हंगामी पीक, एखादा फड पडीक, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. बाहेरच्याला हे जरा हुकूमशाहीचं वाटतं, माझ्या शेतात काय लावायचं ते गाव कसं काय सांगणार. पण त्यामागचं गणित समजून घ्यायला पाहिजे. एक पीक असलं की सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागतं, मग पाळी ठरवणं सोपं जातं. शेजारच्या उसाचं पाणी झिरपून बाजरी सडत नाही. ज्या फडाला पाणी नको त्याची चारी बंद, म्हणजे वाटेत मुरून जाणारं पाणी वाचतं. आणि जमिनीला अधूनमधून कोरडं राहायला मिळतं म्हणून ती चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न निचरणारी, होत नाही, खारवट होत नाही. बारमाही कालव्यांखाली उसाने जमिनी बिघडलेल्या आपण इतक्या ठिकाणी बघतो, त्याचं उत्तर या फेरपालटीत होतं.

समतेचा मुद्दा मात्र यापेक्षा खोल आहे. साधारणपणे एका शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसते, प्रत्येक फडात थोडी थोडी असते. त्यामुळे पाणी कमी असलेल्या वर्षी पंचांनी एखादा फड बंद ठेवायचा ठरवला की तोटा प्रत्येकाला थोडा थोडा बसतो, कुणी एकटा बुडत नाही आणि कुणी एकटा तरत नाही. टंचाई वाटून घ्यायची ही सोय इतकी साधी आहे की तिच्यासाठी वेगळी नुकसानभरपाई, वेगळा अर्ज, काहीच लागत नाही. जमिनीची आखणीच न्याय करते. हा एवढा एक मुद्दा जरी कुणी नीट समजून घेतला तरी या नोंदीचं काम झालं असं मी म्हणेन.

कारभार पंच बघतात, आणि त्यांच्या हाताखाली माणसं असतात. पाटकरी बंधारा आणि पाट सांभाळतो, हवालदार देखरेख करतो, बारेकरी शेतोशेत पाणी देतो, जागल्या पिकं राखतो. जागल्या हा शब्द खान्देशात जुना आहे, गावच्या राखणदाराचा, आणि ते काम बहुतेक भिल्ल समाजाकडे असायचं. मोबदला पूर्वी पिकातून मिळायचा. पाट साफ करायला घरटी एक माणूस द्यायचा, आला नाही तर दंड. खरी गोष्ट बारेकऱ्याची. रात्री बारा, म्हणजे पाण्याची पाळी, चालू असला की तो हातात फावडं आणि बॅटरी घेऊन सारंगाच्या कडेने चालत असतो, एका शेताचं दारं, म्हणजे पाणी आत घ्यायचं तोंड, मोडतो, पाणी आत वळलं की पायाने चाचपून बघतो वाफा भरला का, भरला की ओल्या मातीचा ढेकूळ आणि गवताचा पुंजका घालून दारं बंद, मग पुढचं शेत. शेत कुणाचं, सरपंचाचं की विधवा बाईचं, ते त्याने बघायचं नसतं. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही असाच मूळ दंडक. पाणी देणारा आणि पाणी घेणारा वेगळा ठेवला की अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

आता हे सगळं नेमकं कुठल्या शास्त्रात बसवायचं? इंजिनिअर बंधारा आणि उतार बघतो, कृषीवाला पीक आणि माती, अर्थशास्त्राचा माणूस वाटणी बघतो, समाजशास्त्राचा जात आणि पंच, वकील हक्क बघतो, आणि प्रत्येकाला फडाचा एकच तुकडा दिसतो. म्हणून फडाचा अभ्यास आंतरशाखीयच करावा लागतो, त्याला पर्याय नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामाईक साधनं लोक स्वतः कशी सांभाळतात या कामासाठी. हद्द स्पष्ट असावी, नियम वापरणाऱ्यांनीच करावेत, राखण करणारा त्यांनाच जबाबदार असावा, दंड पायरीपायरीने वाढावा, अशी तत्त्वं त्यांनी जगभरच्या उदाहरणांतून काढली. फडात यातलं बरंच काही जुन्या काळापासून आहे. प्रसिद्ध इंजिनिअर विश्वेश्वरय्या नोकरीच्या अगदी सुरुवातीला धुळे भागातच होते, पांझरेच्या एका कालव्यावर त्यांनी पाइप सायफनचं, म्हणजे नळातून पाणी पलीकडे नेण्याचं, काम केलं, आणि पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी जी ब्लॉक पद्धत आणली तिच्यातही जमिनीचे गट पाडून पिकांची फेरपालट हेच सूत्र आहे.

पण फडाला आदर्श म्हणून डोक्यावर घेऊन नाचायचं तर काही गोष्टी लपवाव्या लागतील आणि ते बरोबर नाही. पाण्यावर हक्क जमीनवाल्याचा. भूमिहीनाला मजुरी मिळाली, जागल्याला धान्य मिळालं, पाण्यात वाटा नाही मिळाला. सातबाऱ्यावर बाईचं नाव क्वचित, म्हणून पंचांत बाई नाही, आणि निंदणी-खुरपणी मात्र तिचीच. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाणी जमिनीवर न मोजता माणशी मोजलं आणि भूमिहीनालाही वाटा दिला. फडाला जे जमलं नाही ते तिथे झालं. आणि पुरंदरात उसाला बंदी होती, फडात तर ऊस हेच मोठं पीक, हाही फरक लक्षात ठेवायला हवा.

फड मोडत गेले ते एका कारणाने नाही. नद्यांवर वरच्या बाजूला धरणं झाली, पांझरेवर लाटीपाडा, नंतर अक्कलपाडा, मोसमवर हरणबारी, आणि पाणी कधी येणार ते नदी न ठरवता आवर्तन, म्हणजे धरणातून पाणी सोडायची पाळी, ठरवायला लागलं. त्याच सुमाराला वीज आली, विहिरीवर मोटर बसली, आणि ज्याच्याकडे मोटर तो पंचांचं कशाला ऐकेल? फडाच्याच पाटाने विहिरींना पाझर मिळत होता, आणि त्याच विहिरींनी फड सैल केला. मग ज्याला त्याला आपल्या मर्जीने ऊस, एका फडात चार पिकं, पाळी बिघडली, जागल्याला पगार द्यायला कुणी तयार नाही. धरण एका खात्याचं, वीज दुसऱ्या, पीककर्ज तिसऱ्या, आणि फड म्हणून सगळं एकत्र बघणारं खातंच नव्हतं.

कायद्यात फड अगदीच बेवारस नाही. मुंबई पाटबंधारे कायद्याखाली अशा जुन्या बंधाऱ्यांना दुसऱ्या वर्गाची पाटबंधारे कामं म्हणत, १९७६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही तो वर्ग आहे. २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला, पाणी वापर संस्था, घनमापनाने, म्हणजे मोजून, पाणी, संचालकांत कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेपटाकडच्या भागाला जागा. चांगलाच कायदा. पण तिथे पिकाचं स्वातंत्र्य आहे आणि जमीन प्रत्येकाची एकाच ठिकाणी, त्यामुळे टंचाईच्या वर्षी शेपटाकडचा कोरडा राहतो. फडात शेपूट असं फारसं उरतच नव्हतं.

खान्देशात पाण्याचे दुसरेही प्रयोग झालेत, शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद-खोल करून जमिनीत पाणी मुरवलं गेलं, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखलं आणि तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. शिरपूरने खडकातून सुरुवात केली, बारीपाड्याने जंगलातून. मुरलेलं पाणी उपसायचं किती आणि कुणी, हा प्रश्न शिरपूरसारख्या कामातही शेवटी येतोच, आणि तो परत फडाच्या पंचांकडे घेऊन जातो.

पांझरेकाठी काही फड आजही तगून आहेत, कुठे पूर्ण नियमाने, कुठे फक्त पाळीपुरते. हंगामात धरणातून आवर्तन सोडा म्हणून मागणी होते, निर्णय होईपर्यंत गव्हाला ताण बसलेला असतो, आणि संध्याकाळी पाराजवळून जाणारा प्रत्येक जण एकमेकाला तेच विचारतो, पाटले पानी उनं का? म्हणजे, पाटाला पाणी आलं का?