किंगफिशचे गाव: एका तरुण ब्लूज गायकाची पार्श्वभूमी

मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल येथे १९ जानेवारी १९९९ रोजी जन्मलेला क्रिस्टोन इन्ग्राम आज जगभर ‘किंगफिश’ या नावाने ओळखला जातो आणि ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीतातील गायक-गिटारवादकांच्या तरुण पिढीत त्याचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्याच्याविषयी लिहिताना बहुतेक जण दोन गोष्टींपासून सुरुवात करतात. एक म्हणजे त्याचे कोवळे वय. दुसरी म्हणजे महामार्ग ६१ आणि ४९ जिथे मिळतात तो क्लार्क्सडेलचा चौरस्ता, जिथे जुन्या पिढीतील ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने सैतानाला आत्मा विकून गिटारची विद्या मिळवली अशी आख्यायिका आहे. आख्यायिका रंजक असली तरी इन्ग्रामच्या बाबतीत ती काहीच उलगडून दाखवत नाही. त्याच्या हाती गिटार आली ती एका संग्रहालयाने शाळकरी मुलांसाठी चालवलेल्या वर्गात, आणि ज्या गावाने ब्लूज जगाला दिला त्याच गावावर तो मुलांना वर्ग भरवून शिकवण्याची वेळ का आली, हे समजायचे तर शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

क्लार्क्सडेल ज्या भागात आहे त्याला ‘डेल्टा’ म्हणतात, पण तो नदीच्या मुखाशी असलेला त्रिभुज प्रदेश नव्हे. मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधली ही सपाट, गाळाची, कमालीची सुपीक जमीन आहे आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या कापूसच पिकला. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन मालकांकडेच राहिली. कृष्णवर्णीय कुटुंबे तीच जमीन वाट्याने कसू लागली. बियाणे, खेचर, किराणा सगळे मालकाच्या दुकानातून उधार घ्यायचे आणि हंगामाअखेर हिशेब झाला की बहुधा मजूरच देणेकरी निघायचा. या वस्त्यांतली पोरे केरसुणीला गुंडाळलेली तार सोडवून घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणत, तिच्याखाली बाटली सरकवत आणि दुसरी बाटली तारेवर घासत सूर काढत. पुढे गिटार हाती आल्यावरही तो घासून सूर काढण्याचा ढंग सुटला नाही. १९०३ च्या सुमारास टटविलर या लहानशा स्थानकावर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत असलेल्या डब्ल्यू. सी. हॅन्डी यांनी फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवताना ऐकला. दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या जागेविषयीची एकच ओळ तो तीनदा गात होता. हॅन्डी तेव्हा क्लार्क्सडेलमध्ये बॅन्ड चालवत होते आणि पुढे ब्लूज कागदावर उतरवून छापणाऱ्या पहिल्या काही संगीतकारांत त्यांची गणना झाली.

या संगीताचा सांगाडा अगदी साधा आहे. बारा मात्राखंडांचे आवर्तन, तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह), एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. खरी कसोटी सुरांच्या जागांची असते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो, आणि गिटारवादक तार ओढून मींडेनेच तिथवर पोहोचतो. पियानोच्या पट्ट्यांत ती जागा सापडत नाही. इन्ग्रामचे वादन ऐकताना पहिल्यांदा लक्षात येते ते हेच, की वेग असूनही तो या मधल्या जागेवरून हलण्याची घाई करत नाही.

क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारे आणि पुढे ब्लूजचे नामवंत गायक ठरलेले मडी वॉटर्स यांचे गाणे ऑगस्ट १९४१ मध्ये लोकसंगीताचे अभ्यासक ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रित केले. तासाला साडेबावीस सेंट मजुरी होती, ती पंचवीस करून मागितल्यावर मुकादमाने नकार दिला आणि १९४३ मध्ये वॉटर्स यांनी शिकागोची गाडी धरली, असे त्यांच्याविषयी सांगतात. दुसऱ्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९४४ रोजी, त्याच परिसरातील हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्रांचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. चांगला मजूर तासाला साधारण वीस पौंड कापूस वेचत असे. यंत्र हजार पौंडांपर्यंत वेचू शकत होते. दक्षिणेतून उत्तरेकडच्या शहरांकडे आधीच सुरू झालेल्या स्थलांतराला आता परतीची वाट उरली नाही. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय लोकांनी दक्षिण सोडली आणि त्यांच्याबरोबर ब्लूजही शिकागोला गेला. तिथल्या गोंगाटात ऐकू यावे म्हणून गिटारला वीज जोडली गेली, आणि हाच विजेवरचा ब्लूज पुढे इंग्लंडमधल्या गोऱ्या तरुणांनी उचलून रॉकच्या रूपाने जगभर नेला. आज हॉप्सन मळ्यावर मजुरांच्या जुन्या खोपट्या पर्यटकांना रात्रीच्या मुक्कामासाठी भाड्याने मिळतात.

गाव मात्र ओसरत गेले. २०२० च्या जनगणनेत क्लार्क्सडेलची लोकसंख्या १४,९०३ भरली. ग्रंथपाल सिड ग्रेव्हज यांनी १९७९ मध्ये इथे डेल्टा ब्लूज म्युझियम सुरू केले, ते १९९९ मध्ये, म्हणजे इन्ग्रामच्या जन्माच्याच वर्षी, रेल्वेच्या १९१८ सालच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत हलले. मडी वॉटर्स यांच्या स्टोव्हॉलवरच्या लाकडी घराचे अवशेष तिथे जपलेले आहेत. पण माझ्या मते या संग्रहालयाचे मोठे काम काचेआडच्या वस्तू जपणे हे नसून मुलांना वाद्ये हाती देऊन शिकवणे हे आहे.

इन्ग्राम या वर्गात आला तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता. घरात चर्चचे गाणे होतेच. आई प्रिन्सेस प्राइड या कंट्री संगीतातील नामवंत गायक चार्ली प्राइड यांच्या नात्यातल्या. वडिलांनी मडी वॉटर्सवरचा माहितीपट दाखवला आणि मुलाचा ओढा ठरला. आधी ड्रम, मग बास आणि साधारण अकराव्या वर्षी गिटार, अशा क्रमाने तो शिकला. ताल आणि खर्ज आधी अंगात मुरल्यामुळेच बहुधा त्याच्या गिटारचा पाया पक्का झाला असावा. ‘डॅडी रिच’ म्हणून ओळखले जाणारे रिचर्ड क्रिसमन आणि ‘हाउल-एन-मॅड’ या नावाने गाणारे बिल पेरी हे त्याचे गुरू. विद्यार्थ्यांना टोपणनावे देण्याची पेरी यांना हौस होती. ‘किंगफिश’ हे नाव त्यांनी ‘एमॉस अँड अँडी’ या जुन्या विनोदी मालिकेतल्या पात्रावरून दिले. ही मालिका रेडिओवर असताना गोरे नट कृष्णवर्णीय बोलीची नक्कल करत तिच्यातली पात्रे रंगवत. त्याच नावाने आज एक कृष्णवर्णीय कलावंत आपल्या लोकांचे गाणे जगापुढे मांडतो, हा योगायोग पेरी यांच्या मनात असेल-नसेल.

बरोबरीच्या मुलांना हिप-हॉपचे वेड असताना हा मुलगा आजोबांच्या पिढीचे गाणे गात होता. ब्लूजच्या महोत्सवांत समोर बसणारा श्रोता बहुतांशी गोरा आणि वयस्कर असतो, ही गोष्ट या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे इन्ग्रामच्या तारुण्याचे जे कौतुक होते त्याच्या तळाशी काळजीही आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये संग्रहालयाच्या उपक्रमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा पंधरा वर्षांच्या इन्ग्रामने सहाध्यायांबरोबर व्हाइट हाउसमध्ये मिशेल ओबामा यांच्यासमोर वादन केले.

‘किंगफिश’ हा त्याचा पहिला अल्बम मे २०१९ मध्ये शिकागोच्या ॲलिगेटर रेकॉर्ड्सने काढला. ब्रूस इग्लॉअर यांनी १९७१ मध्ये ब्लूज गायक हाउंड डॉग टेलर यांचे गाणे मुद्रित करण्यासाठी ही कंपनी सुरू केली होती. ‘किंगफिश’चे निर्माते होते टॉम हॅम्ब्रिज, ज्यांनी बडी गाय यांचेही अनेक अल्बम सिद्ध केले आहेत. एका गाण्यात खुद्द बडी गाय यांनी साथ दिली. लुइझियानातून १९५७ मध्ये शिकागोला गेलेले गाय हे मडी वॉटर्स यांच्याबरोबर वाजवलेले वादक. त्यामुळे शिकागोला गेलेल्या ब्लूजची आणि गावातच शिकलेल्या मुलाची गाठ या एका ध्वनिमुद्रणात पडते. अल्बमला ग्रॅमीचे नामांकन मिळाले आणि २०२० च्या ब्लूज म्युझिक अवॉर्ड्समध्ये इन्ग्रामने पाच पुरस्कार पटकावले. या यशाच्या मधोमध, डिसेंबर २०१९ मध्ये, त्याची सर्व व्यवस्था पाहणारी आई वारली. तिच्या स्मरणार्थ त्याने पुढच्याच वर्षी ‘रॉक अँड रोल’ हे गाणे प्रसिद्ध केले.

जुलै २०२१ मधल्या दुसऱ्या अल्बमचे नाव ‘६६२’. उत्तर मिसिसिपीचा हा दूरध्वनी संकेतांक, आणि तोही १९९९ मध्येच लागू झालेला. पहिल्या अल्बममध्ये गावाबाहेर पडण्याची आस सांगणारा गायक इथे पुन्हा त्याच गावाच्या नावाने बोलतो. या अल्बमला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोत्कृष्ट समकालीन ब्लूज अल्बमचा ग्रॅमी मिळाला. त्याच वर्षी फेन्डर कंपनीने त्याच्या नावाची टेलिकास्टर डीलक्स गिटार बाजारात आणली. तिच्या जांभळ्या रंगाला ‘मिसिसिपी नाइट’ असे नाव आहे.

मुंबईच्या रसिकांना तो प्रत्यक्ष ऐकायला मिळाला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून भरणाऱ्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात त्या वर्षी बडी गाय आणि ‘ताज महाल’ या नावाने गाणारे ज्येष्ठ अमेरिकी ब्लूज गायक यांच्याबरोबर त्याचाही कार्यक्रम होता. ज्या वास्तूत हिंदी चित्रपटांची चित्रीकरणे आणि ध्वनिमुद्रणे झाली तिथे ऐंशी ओलांडलेले गाय आणि चोविशीतला इन्ग्राम एकाच महोत्सवात ऐकायला मिळणे ही इथल्या ब्लूजप्रेमींसाठी पर्वणीच होती. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनमध्ये झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण पुढे अल्बमरूपाने आले आणि त्यालाही ग्रॅमीचे नामांकन मिळाले. २०२५ मध्ये ‘हार्ड रोड’ हा नवा अल्बम त्याने ॲलिगेटरमधून बाहेर पडून ‘रेड झिरो’ या स्वतःच्या कंपनीतर्फे काढला.