पुडीत नेमकं आहे तरी काय?

१९८२ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात एका रुग्णाला दवाखान्यात आणलं. चाळिशीतला माणूस, पण पुतळ्यासारखा ताठ. बोलता येत नव्हतं. मानसिक आजार असावा, असं आधी वाटलं. मग त्याची बोटं किंचित हलताना दिसली, म्हणून हातात पेन्सिल दिली, तर सावकाश का होईना, तो लिहून उत्तरं देऊ लागला. बुद्धी शाबूत होती, शरीर गोठलं होतं.

असे आणखीही रुग्ण सापडले. मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम लँगस्टन यांनी माग काढला, तेव्हा कळलं की सगळ्यांनी 'सिंथेटिक हेरॉइन' म्हणून विकलेली पूड टोचून घेतली होती. ती बनवताना गडबड झाली आणि एमपीटीपी नावाचं भलतंच रसायन तयार झालं. मेंदूत गेल्यावर एक एन्झाइम त्याचं विषात रूपांतर करतं आणि ते विष शरीराच्या हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशीच नेमक्या मारतं. पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, जे व्हायला वर्षानुवर्षं लागतात, ते या माणसांच्या बाबतीत काही दिवसांत झालं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

आज जास्त भीती आहे ती फेंटानिलची. हे मुळात शस्त्रक्रियेत वापरायचं औषध, मॉर्फिनच्या सुमारे १०० पट तीव्र. सवय नसलेल्या माणसाला २ मिलिग्रॅमही जीवघेणे ठरू शकतात, आणि तेवढी पूड पेन्सिलीच्या टोकावर मावते. औषध कंपनीत प्रत्येक गोळीत सारखंच औषध उतरावं म्हणून मोजमाप आणि तपासण्या असतात. चोरून गोळ्या पाडणाऱ्याकडे यातलं काही नसतं. कालवण नीट न ढवळल्यावर मिठाचा खडा एकाच घासात यावा, तसं होतं. एका गोळीत जवळजवळ काही नाही, तर शेजारच्या गोळीत मरण. 'काल याच पुडीतलं घेतलं, काही झालं नाही' याला म्हणूनच अर्थ नाही.

विकणाऱ्यालाही कित्येकदा माहीत नसतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या परिसरात कोकेन म्हणून विकलेल्या पुडीत कारफेंटानिल निघालं. हत्तींसारख्या प्राण्यांना बेशुद्ध करायला वापरतात ते. २० हून अधिक माणसं दगावली.

ओपिऑइडने, म्हणजे हेरॉइन, फेंटानिल अशा अफूच्या जातीतल्या औषधाने, श्वास मंदावला तर नॅलोक्सोन हे उताऱ्याचं औषध माणसाला परत आणू शकतं. पण हल्ली भेसळीत झायलाझिन सापडतं. जनावरांना गुंगी आणणारं हे औषध ओपिऑइड नाही, त्यामुळे नॅलोक्सोनचा त्यावर उपाय चालत नाही. तरीही नॅलोक्सोन द्यायचंच, कारण सोबत ओपिऑइड असण्याची शक्यता मोठी असते. रुग्णवाहिका बोलवायची, श्वासाकडे लक्ष ठेवायचं, आणि डॉक्टरांना काय घेतलं ते न लपवता सांगायचं. पोलिसांच्या धाकाने गप्प बसलेल्या मित्रांमुळे हातची वेळ जाते, याची मला फार हळहळ वाटते.

एक्स्टसी या पार्ट्यांमधल्या नशेच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत कधी पीएमएमए नावाचं जास्त घातक रसायन असतं. त्याचा अंमल उशिरा चढतो. माणसाला वाटतं गोळी कमजोर आहे, तो दुसरी घेतो, आणि मग दोन्हींचा परिणाम एकदम होऊन अंगातला ताप जीव घेण्याइतका वाढतो. डिसेंबर २०१४ मध्ये सुपरमॅनचं चिन्ह असलेली अशीच एक गुलाबी गोळी नेदरलँड्समधल्या तपासणी केंद्रात आली. लोक तिथे आपणहून गोळ्या तपासायला देतात. केंद्राने ती ओळखली आणि देशभर इशारा दिला. इंग्लंडमध्ये तशी देशव्यापी सोय नव्हती. त्याच सुमारास तिथे त्याच चिन्हाच्या गोळीने चौघांचा जीव गेला.