कोलेस्टेरॉल वाढलं, पण कशाच्या तुलनेत?

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन, किमो, रेडिएशन आटोपलं की अनेक बायकांच्या वाट्याला एक गोळी येते. रोज एक, पाच वर्षं, कधी दहा वर्षं. पाळी चालू असेल तर बहुधा टॅमॉक्सिफेन; पाळी गेली असेल तर लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन. काहींची गोळी मधेच टॅमॉक्सिफेनवरून या दुसऱ्या गोळ्यांवर बदलली जाते आणि पुढच्या लिपिड प्रोफाइलमध्ये एलडीएलचा, म्हणजे वाईट म्हणवणाऱ्या कोलेस्टेरॉलचा, आकडा चढलेला दिसतो. घरात तुपाचा डबा वरच्या फळीवर जातो, आणि संशय मात्र नव्या गोळीवर येतो. हा संशय कितपत खरा, याचं उत्तर शोधायला साठ-सत्तर वर्षं मागे जावं लागतं. कोलेस्टेरॉल आणि स्तनाच्या कर्करोगावरची हार्मोनची औषधं यांचं नातं या गोळ्या बाजारात येण्याच्याही आधीपासूनचं आहे.

अंडाशय आणि स्तनाच्या गाठी यांचा संबंध तर त्याहून जुना. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये लिहून ठेवलं की अंडाशय काढल्यावर स्तनातली पसरलेली गाठ आक्रसते. त्या वेळी इस्ट्रोजेन हे नावही नव्हतं. पुढे कळलं की शरीर इस्ट्रोजेन बनवतं ते कोलेस्टेरॉलपासूनच, टप्प्याटप्प्याने. म्हणजे या आजाराला पोसणारं संप्रेरक आणि हृदयाच्या डॉक्टरांना छळणारी चरबी एकाच साखळीच्या दोन टोकांना आहेत.

अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या मेरेल कंपनीत १९५० च्या दशकात याच साखळीशी खेळ चालला होता. लेनर्ड लर्नर यांनी १९५८ मध्ये स्टेरॉइड नसलेलं पहिलं इस्ट्रोजेनविरोधी रसायन जाहीर केलं. त्याचं सांकेतिक नाव एमईआर-२५. औषध म्हणून ते टिकलं नाही, पण त्याच्याच भाऊबंदांतलं एमईआर-२९, म्हणजे ट्रायपॅरानॉल, रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरवतं असं दिसलं आणि १९६० मध्ये ते कोलेस्टेरॉलचं औषध म्हणून दुकानांत आलं. दोन वर्षांतच, १९६२ च्या एप्रिलमध्ये, ते मागे घ्यावं लागलं. रुग्णांना मोतीबिंदू होत होते, केस गळत होते. प्राण्यांवरच्या चाचण्यांचे आकडे कंपनीत फिरवले गेल्याचंही उघड झालं. मुळातली गोम अशी होती की ट्रायपॅरानॉल कोलेस्टेरॉल तयार होण्याची अगदी शेवटची पायरी अडवत असे. त्यामुळे कोलेस्टेरॉल घटायचं, पण त्याच्या अलीकडचा डेस्मोस्टेरॉल हा पदार्थ शरीरात साचत जायचा. कागदावरचा आकडा सुधारत होता आणि डोळे जात होते.

त्याच १९६२ साली इंग्लंडमध्ये चेशर परगण्यातल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी आयसीआय ४६,४७४ हे संयुग तयार केलं. आर्थर वॉलपोल यांच्या गटाला त्यातून गर्भनिरोधक हवं होतं. उंदरांमध्ये ते जमलं. बायकांमध्ये उलटंच, या औषधाने बीज सुटायला मदत होऊ लागली. या संयुगाच्या पेटंटमध्ये मात्र एक वाक्य असं आहे की या रसायनांना कोलेस्टेरॉल कमी करण्याचाही गुण आहे. आयसीआयला या गोष्टीत रस असणं स्वाभाविकच होतं; क्लोफायब्रेट हे रक्तातली चरबी उतरवणारं औषध त्यांचंच. गर्भनिरोधक फसलं, पण मँचेस्टरच्या ख्रिस्ती हॉस्पिटलमधून १९७१ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष आले. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९७७ मध्ये अमेरिकेत हे औषध रुग्णांपर्यंत पोचलं. हेच टॅमॉक्सिफेन.

सुरुवातीला ते आजार पसरलेल्यांनाच मिळायचं, तेव्हा कोलेस्टेरॉलची फिकीर कोण करणार? १९८० च्या दशकात चित्र पालटलं. गाठ काढून झालेल्या, वरकरणी ठणठणीत बायकांना ते वर्षानुवर्षं द्यायला सुरुवात झाली आणि मग भीती वाटू लागली. इस्ट्रोजेन अडवलं तर बाईच्या हृदयाला असलेलं संरक्षण जाईल, हाडं ठिसूळ होतील, हा तर्क सरळ होता. विस्कॉन्सिनमध्ये रिचर्ड लव्ह यांनी पाळी गेलेल्या १४० बायकांवर टॅमॉक्सिफेन आणि खोटी (औषध नसलेली) गोळी यांची दोन वर्षं तुलना केली. निकालाने तर्क पालथा केला. टॅमॉक्सिफेनवरच्या बायकांचं एकूण कोलेस्टेरॉल साधारण १२ टक्के आणि एलडीएल सुमारे २० टक्के उतरलं.

याचं कारण असं की टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं, पण यकृतात स्वतःच इस्ट्रोजेनसारखं वागतं. इस्ट्रोजेनमुळे यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर, म्हणजे पकडीच्या जागा, वाढतात आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतलं जातं. शिवाय १९९५ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी दाखवलं की टॅमॉक्सिफेन आणि त्याचं फिनिश भावंड टोरेमिफेन कोलेस्टेरॉल बनण्याची शेवटाकडची एक पायरीही मंदावतात. ट्रायपॅरानॉलची पायरी वेगळी होती, पण घराणं तेच. या सगळ्यात एक खोट राहिली: टॅमॉक्सिफेन ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी वाढवतं. बहुतेकींना त्याचा त्रास होत नाही, पण ज्यांचं ट्रायग्लिसराइड आधीच फार चढलेलं असतं त्यांच्यात क्वचित स्वादुपिंडाला सूज येण्यापर्यंत मजल जाते.

एलडीएल उतरलं म्हणजे हृदयविकारही टळला, असं समजायचा मोह झालाच. १९९१ मध्ये स्कॉटलंडच्या एका चाचणीत टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू कमी दिसले. पण १९९८ मध्ये अमेरिकेतल्या १३,३८८ बायकांच्या प्रतिबंधक चाचणीचे निकाल आले, तेव्हा हृदयविकारात काहीच फरक नव्हता. रक्ताच्या गुठळ्या मात्र वाढल्या होत्या. याच जातकुळीचं रॅलोक्सिफेन २००६ मध्ये दहा हजारांवर बायकांमध्ये खास हृदयासाठी तपासलं गेलं. एलडीएल उतरलं, हृदयविकार होता तिथेच राहिला. या मालिकेवरून माझं मत असं की टॅमॉक्सिफेनच्या काळात आपण त्या सुधारलेल्या आकड्याला जरा जास्तच मान दिला. हा मान पुढच्या गोळ्यांच्या मुळावर आला.

पुढच्या गोळ्यांची वाट वेगळी होती. इस्ट्रोजेनला पेशीच्या दारात अडवण्यापेक्षा ते तयारच होऊ द्यायचं नाही. पाळी गेल्यावर अंडाशय थंडावतात, पण चरबीत आणि इतर ऊतींमध्ये अ‍ॅरोमाटेज हे विकर पुरुषी संप्रेरकांपासून थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. या कामाला जुंपलेलं पहिलं औषध, अमिनोग्लुटेथिमाइड, मूळचं आकडीवरचं होतं. ते अ‍ॅरोमाटेजसोबत कोलेस्टेरॉलपासून संप्रेरक बनण्याची पहिलीच पायरीही रोखायचं, त्यामुळे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं सगळंच उत्पादन खाली यायचं आणि वर हायड्रोकॉर्टिसोन द्यावं लागायचं. अँजेला ब्रोडी आणि त्यांचे पती हॅरी यांनी नेमका अ‍ॅरोमाटेजवरच बसणारा घाव शोधला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅनास्ट्रोझोल, लेट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन पाठोपाठ आली.

आता मूळ प्रश्न. या नव्या गोळ्यांची परीक्षा कुणाशी तुलना करून झाली? टॅमॉक्सिफेनशीच, ते तेव्हाचं ठरलेलं औषध होतं, आणि उपचार हवा असलेल्या बाईला खोटी गोळी देणं योग्यही नव्हतं. एटॅक चाचणीत ९,३६६ बायका होत्या. तिथे कोलेस्टेरॉल वाढल्याची नोंद अ‍ॅनास्ट्रोझोलवर ९ टक्क्यांची आणि टॅमॉक्सिफेनवर ३.५ टक्क्यांची झाली. २००५ मध्ये बिग १-९८ चाचणीचा निकाल आला आणि तिथली दरी डोळ्यांत भरणारी होती: लेट्रोझोलवर ४३.६ टक्के, टॅमॉक्सिफेनवर १९.२ टक्के. हा आकडा दूरवर पसरला. त्याच लेखातली दुसरी ओळ फारशी पसरली नाही. दोन वर्षांत लेट्रोझोलवरच्या बायकांचं मध्यक (सगळ्यांच्या मधोमधचं) कोलेस्टेरॉल जवळजवळ जागचं हललंच नव्हतं, आणि टॅमॉक्सिफेनवरचं सुमारे १४ टक्क्यांनी उतरलं होतं. शेजारी उभा असलेला माणूस खड्ड्यात उतरला की आपली उंची वाढल्यासारखी दिसते, तशातला हा प्रकार.

खरी कसोटी होती खोट्या गोळीशी तुलना, आणि ती एमए-१७ या चाचणीत झाली. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन पूर्ण केलेल्या पाच हजारांवर बायकांपैकी निम्म्यांना लेट्रोझोल आणि निम्म्यांना खोटी गोळी दिली गेली. कोलेस्टेरॉल वाढल्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं. चरबीच्या तपशिलांसाठी केलेल्या उप-अभ्यासातही ठसठशीत फरक सापडला नाही. टॅमॉक्सिफेन थांबलं की त्याने दाबून ठेवलेलं कोलेस्टेरॉल आपल्या मूळ जागी परततं, नवी गोळी असो वा नसो.

पण म्हणून या गोळ्यांना सरसकट निर्दोष ठरवून मोकळं होता येत नाही. एटॅकमध्ये ज्यांना आधीपासून हृदयविकार होता अशा बायकांत अ‍ॅनास्ट्रोझोलवर हृदयाच्या घटना १७ टक्के आणि टॅमॉक्सिफेनवर १० टक्के नोंदल्या गेल्या. २०११ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा टॅमॉक्सिफेनच्या तुलनेत अ‍ॅरोमाटेज रोखणाऱ्या गोळ्यांवर हृदयविकाराची शक्यता साधारण सव्वापट आढळली. तुलना पुन्हा टॅमॉक्सिफेनशीच, त्यामुळे वाद मिटलेला नाही. आणि एका गटाचं गणित वेगळंच आहे. चाळिशीच्या आतबाहेरच्या ज्या बायकांचे अंडाशय गोसेरेलिनसारख्या इंजेक्शनने थांबवून वर एक्झेमेस्टेन दिलं जातं, आणि २०१४ नंतर हे उपचार बरेच रुळले, त्यांचं इस्ट्रोजेन खरोखरच एकाएकी तळाला जातं. वयाने यायची ती रजोनिवृत्ती महिन्याभरात येते आणि तिच्यासोबत एलडीएलची चढणही येते. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकर गाठतो, तेव्हा आपल्याकडे हा गट लहान नाही.

आपल्या रक्तातल्या चरबीचा साचाही निराळा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या आरोग्य पाहणीत एलडीएल वाढलेले सुमारे २१ टक्के होते, ट्रायग्लिसराइड वाढलेले ३२ टक्के, आणि चांगलं म्हणवणारं एचडीएल कमी असलेले तब्बल ६७ टक्के. म्हणजे टॅमॉक्सिफेन ज्या एलडीएलला उतरवतं त्यापेक्षा ते ज्या ट्रायग्लिसराइडला चढवतं तेच आपल्याकडे जास्त घरांत आधीपासून ठाण मांडून आहे. त्याला तुपाचा डबा हलवून फारसा फरक पडत नाही. साखर, मैदा आणि उपासाच्या नावाखाली होणारी साबुदाण्याची खिचडी आवरावी लागते.

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा, म्हणजे स्टॅटिनचा, इतिहासही या आजाराला एकदा धडकून गेला आहे. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिन अमेरिकेत मंजूर झालं. १९९६ मध्ये प्रावास्टॅटिनच्या केअर चाचणीत अचानक दिसलं की औषध घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कर्करोग १२ जणींना झाला आणि खोटी गोळी घेणाऱ्यांमध्ये एकीला. बरीच खळबळ उडाली. पुढे अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र केल्यावर ही वाढ टिकली नाही आणि तो योगायोग ठरला.

मग काटा उलट दिशेला झुकला. २०१३ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की कोलेस्टेरॉलपासून शरीरात बनणारं २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल स्वतः इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला चिकटून गाठ वाढवू शकतं, निदान उंदरांमध्ये. म्हणजे इस्ट्रोजेनचा नळ बंद केला तरी कोलेस्टेरॉलकडून झिरपणारी ही वाट उघडी राहू शकते. २०१७ मध्ये बिग १-९८ च्याच नोंदी पुन्हा चाळल्या गेल्या, आणि हार्मोनच्या गोळीसोबत कोलेस्टेरॉलचं औषध सुरू केलेल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमी आढळलं. पण औषध कुणाला द्यायचं हे तिथे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं, त्यामुळे त्यावरून कारण सिद्ध होत नाही. त्यासाठी डेन्मार्कमध्ये अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन विरुद्ध खोटी गोळी अशी मास्टर नावाची मोठी चाचणी २०२० मध्ये सुरू झाली. कर्करोग उलटू नये एवढ्यासाठीच स्टॅटिन लिहून देणं आजच्या उपचारात बसत नाही. ते दिलं जातं हृदयासाठी.

२०१८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्पष्ट मांडलं की स्तनाच्या कर्करोगातून तरलेल्या वयस्क बायकांना पुढे कर्करोगापेक्षा हृदयविकाराचाच धोका मोठा असू शकतो. युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी हार्मोनचे उपचार सुरू करण्याआधीच हृदयाचा धोका मोजायला सांगितलं, आणि धोका जास्त असेल तर दरवर्षी. आधीचा आकडा हाताशी असेल तरच नंतरचा वाढला की नुसता परतला हे कळतं. २०२४ मध्ये कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने एलडीएलची मर्यादा सर्वसाधारण माणसाला १०० मिलिग्रॅमच्या खाली आणि जास्त धोका असलेल्याला ७० च्या खाली ठेवली. आकडा गोळीने वाढला की वयाने, ही मर्यादा बदलत नाही, आणि वाढलेल्या एलडीएलसाठी हार्मोनची गोळी आपल्या मनाने बंद करण्याचं तर कारणच उरत नाही.

अडचण येते ती दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकमेकांना ठाऊक नसतात तेव्हा. अ‍ॅरोमाटेजच्या गोळ्यांनी सांधे दुखतात, सकाळी बोटं आखडतात. स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात. दोन्ही एकाच वेळी सुरू केल्या तर दुखणं कुणाचं हे ठरवता येत नाही, म्हणून मधे काही आठवडे जाऊ देणारे डॉक्टर शहाणे. पसरलेल्या आजारात हार्मोनच्या गोळीसोबत रायबोसिक्लिब हे कर्करोगाचं दुसरं औषध चालू असेल तर सावधगिरी वाढते. ते यकृतातल्या ज्या विकराला दाबतं त्याच विकराने सिम्व्हास्टॅटिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचा निचरा होतो. औषध रक्तात साचून स्नायू गंभीररीत्या झिजल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. रोसुव्हास्टॅटिन किंवा प्रावास्टॅटिनचा निचरा त्या वाटेने होत नाही, तेव्हा अशा वेळी डॉक्टर बहुधा त्यांच्याकडे वळतात. त्यासाठी कॅन्सरच्या फाइलमधला औषधांचा कागद हृदयाच्या डॉक्टरांच्या टेबलावरही ठेवावा लागतो.