शॅम्पेन डॉम पेरिन्योंने शोधलीच नाही

फ्रान्समधल्या ओव्हिलेर मठातला डॉम पेरिन्यों नावाचा अंध साधू वाइन चाखतो आणि ओरडतो, "लवकर या, मी तारे पितोय!" शॅम्पेनचा, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनचा, जन्म असा झाला, असं सांगणारी पोस्ट दर 31 डिसेंबरला फिरते. गोष्ट झकास आहे, पण खरी नाही.

डॉम पिएर पेरिन्यों 1668 मध्ये मठाच्या तळघराचा कारभारी झाला. त्याच्या सहा वर्षं आधी, 1662 मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज वैद्याने साखर घालून वाइन फसफसवण्याची इंग्रजांची रीत सांगितली होती. कोळशाच्या भट्टीतली तिथली बाटल्यांची काच जाड होती, बुडबुड्यांचा दाब सोसायची.

पेरिन्योंला बुडबुडे नकोच होते! थंडीत आंबणं अर्धवट थांबायचं, वसंतात बाटलीतच पुन्हा सुरू व्हायचं. त्या दाबाने एक बाटली फुटली की शेजारच्याही फुटत. त्याचं खरं कसब वेगळंच: सकाळच्या गारव्यात तोडणी, वेगवेगळ्या मळ्यांच्या द्राक्षांचा मेळ, आणि काळ्या द्राक्षांचा हलक्या दाबाने काढलेला स्वच्छ पांढरा रस. माझ्या मते, हे श्रेय काही कमी नाही.

मग ही दंतकथा आली कुठून? त्याच मठातल्या ग्रोसार नावाच्या साधूने 1821 च्या पत्रात पेरिन्योंला शोधकर्ता ठरवलं. ताऱ्यांचं वाक्य तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या जाहिरातीतलं. पेरिन्योंच्या नावाची महागडी शॅम्पेन मोएट अँड शाँदों या शॅम्पेन कंपनीने 1936 मध्ये बाजारात आणली. ती होती 1921 च्या पिकाची.