पुशरॉड लांबवला म्हणून बायस बदलत नाही

सत्तरच्या दशकातली फॉर्म्युला फोर्ड (एकआसनी रेसकार) पुन्हा उभी करताना पेडल बॉक्सपाशी एक घोळ हमखास होतो. ब्रेक पेडलमागे ब्रेकच्या तेलावर दाब आणणारे दोन मास्टर सिलिंडर, एक पुढच्या चाकांचा, एक मागच्या. मधे बॅलन्स बार, म्हणजे पेडलचा जोर दोघांत वाटणारा आडवा दांडा. मागची चाकं आधी लॉक होतात म्हटलं की बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी, बदलायला लोक पुढचा पुशरॉड (सिलिंडरचा पिस्टन ढकलणारा दांडा) लांबवतात.

पुशरॉडचं काम रोजच्या गाडीतलंच: पेडल सोडल्यावर मिलिमीटरभर ढिलाई राहावी. नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि तेल तापलं की ब्रेक धरून बसतात.

बायस ठरतो बारवर. कावड आठवा. दोरी लांब केल्याने ओझ्याची वाटणी बदलत नाही, खांदा सरकवल्यावर बदलते. इथे खांदा म्हणजे पेडलच्या नळीतलं गोल बेअरिंग. दोन क्लेव्हिसमध्ये (बारला पुशरॉड जोडणारे चिमटे) ६३ मिमी अंतर असेल आणि बार फिरवून बेअरिंग पुढच्या ब्रेकच्या क्लेव्हिसकडे ३ मिमी सरकवलं, तर अंतरं २८.५ आणि ३४.५ होतात. पुढे ५५ टक्के जोर, मागे ४५. जवळच्याला जास्त.

मग पुशरॉड लांबवून ‘फरक पडला’ असं का वाटतं? कारण बार तिरका होतो. थोडा तिरकेपणा तो निमूट सोसतो, पण जास्त झाला की क्लेव्हिस नळीच्या कडेवर टेकतो, बार अडकतो आणि जोराची वाटणी नशिबावर जाते. पॅड झिजले की तीही बदलते. याला सेटिंग म्हणायचं?

म्हणून पुशरॉड लावताना पेडल जोरात दाबून बघा: बार त्या वेळी पुशरॉडशी काटकोनात हवा. पेडल सोडल्यावर तिरका दिसला तर दिसू दे. क्लेव्हिस आणि नळीत दोन्ही बाजू मिळून ५ ते ६ मिमी फट ठेवा. मग पुढचा ब्लीड निपल (ब्रेकच्या तेलातली हवा काढायची तोटी) उघडून पेडल दाबा, मागची चाकं तरी धरली पाहिजेत. नाही धरली तर फट किंवा पेडलची चाल कमी पडतेय.

बार टोकाला नेऊनही बायस जुळत नसेल तर मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) बदला. पुढे ०.७० इंचाऐवजी ०.६२५ घातला की तेवढ्याच जोरात दाब सव्वापट, पण पेडल जास्त खाली जाईल. मोठा सिलिंडर म्हणजे जबर ब्रेक, ही समजूत उलटी आहे.