लांब फेकायची तर तिरपी सोडा

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून जास्तीत जास्त ८२.२९ मीटरवर ठेवता येते. डिस्क गोल्फच्या तबकडीचा अंतराचा जागतिक विक्रम आहे ३३८ मीटर. २०१६च्या मार्चमध्ये अमेरिकेत, नेवाडाच्या वाळवंटातल्या प्रिम या ठिकाणी डेव्हिड विगिन्स ज्युनियर यानं तो केला. वानखेडेवर मधोमध उभं राहून त्यानं ती सोडली असती, तर स्टेडियम आणि त्यापलीकडचे रेल्वेचे रूळ ओलांडूनही ती उडतच राहिली असती. त्या दिवशी वाळवंटात पाठीमागून जोराचा वारा होता, हे खरं. पण वाऱ्याची मदत नसतानाही अव्वल खेळाडू दीडशे मीटरच्या आसपास सहज जातात.

खेळ साधा आहे. भोक आणि चेंडूऐवजी साखळ्या लावलेली टोपली आणि तबकडी. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. तबकडीचा व्यास २१ सेंटिमीटरच्या जरा वर, वजन जास्तीत जास्त १७५ ग्रॅमच्या आसपास. मुंबईत जुहूच्या वाळूवर फ्रिस्बी खेळणारे बरेच दिसतात, डिस्क गोल्फ मात्र अजून फारसा कुणाला ठाऊक नाही. तरी एखादी ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीसाठीची तबकडी हातात आली की पहिली इच्छा एकच होते: बघू तरी, किती लांब जाते! मग माणूस दंडात असेल नसेल तेवढी ताकद काढून फेकतो आणि तबकडी आकाशाकडे तोंड करून वर जाते, क्षणभर थबकते आणि डावीकडे धपकन पडते.

यात ताकद कमी पडलेली नसते. चुकलेला असतो कोन.

समजा चेंडू आणि तबकडी दोन्ही ताशी १०० किलोमीटर वेगानं हातातून सुटल्या. चेंडू ४५ अंशांत फेकला आणि हवा मुळी नसलीच, तर तो साधारण ७९ मीटर जाईल. खऱ्या हवेत त्याहून कमीच. तबकडी त्याच वेगानं नीट सोडली तर शंभर-सव्वाशे मीटर जाते. म्हणजे चेंडूनं निर्वात पोकळीत जी कमाल गाठली असती, तिच्याही पुढे. हवा चेंडूला नुसती अडवते. तबकडीला ती अडवतेही आणि उचलूनही धरते, आणि उचलणं अडवण्यावर मात करतं. म्हणून शाळेत शिकलेला ४५ अंशांचा नियम इथे कामाचा नाही. लांब फेकणारे खेळाडू तबकडीला क्षितिजापासून जेमतेम दहा-पंधरा अंश वर पाठवतात.

आता खरी गोम. तबकडी *कुठे चालली आहे* हा एक कोन, आणि तिची पुढची कड *कुठे बघते आहे* हा दुसरा. नवशिके हे दोन्ही एकच धरतात. उंची हवी म्हणून मनगट वळवून पुढची कडच वर उचलतात. मार्ग दहा अंश चढा आणि कड वीस अंश वर, असं झालं की तबकडी समोरच्या हवेला आपलं पोट दाखवत जाते. उचल वाढते, पण अडवणूक त्याहून वेगानं वाढते आणि वेग पहिल्या काही मीटरांतच खलास होतो. लांब जायचं तर दोन्ही कोन जवळजवळ जुळले पाहिजेत. कड मार्गाच्या किंचित खाली असली तर आणखी बरं. माझ्या मते अंतर वाढवू पाहणाऱ्यानं बाकी सगळं सोडून पहिले काही आठवडे एवढं एकच शिकावं. दंड-बैठका नंतर.

दुसरी गोष्ट फिरकीची. तिरपा झालेला भोवरा पडत नाही, कलता कलता गोल फिरतो. गुरुत्वाकर्षण त्याला एका बाजूला ओढतं आणि तो हलतो त्याच्या काटकोनात. तबकडीचंही तेच. हवेची उचल तिच्या बरोबर मध्यावर लागत नाही. वेग जास्त आणि कड खाली असताना ती मध्याच्या मागे लागते, म्हणजे पुढची कड खाली दाबू पाहते. वेग मंदावला, तबकडी खाली उतरू लागली की ती मध्याच्या पुढे सरकते आणि कड वर ढकलू लागते. पण तबकडी गरगर फिरते आहे, त्यामुळे हा दाब पुढे-मागे न दिसता बाजूला दिसतो. उजव्या हाताच्या बॅकहँडनं, म्हणजे हात छातीसमोरून आडवा आणून फेकलेली तबकडी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते; ती सुरुवातीला उजवीकडे कलते आणि शेवटी हटकून डावीकडे. फिरकी जितकी जास्त तितकं हे कलणं सावकाश.

शेवटचं डावीकडचं कलणं हीच अंतराची मोठी गळती. तबकडी तिरपी झाली की उचल सरळ वर न लागता बाजूला लागते आणि ती घसरत खाली येते. यावर खेळाडूंनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. शेवटी ती डावीकडे कलणारच आहे ना, मग त्याआधी तिला उजवीकडे कलू द्यायचं. सोडताना बाहेरची, म्हणजे अंगापासून लांबची कड खाली ठेवायची, याला म्हणतात हायझर. वेगात ती स्वतःच उठून सपाट होते, मग उजवीकडे झुकते. आणि वेग उतरू लागला की डावीकडचा ओढा तिला पाडण्याऐवजी आधी परत सपाट करतो. उतरणीचा मोठा भाग ती आडवी, पंख पसरल्यासारखी काटते. जमिनीवर या मार्गाची सावली काढली तर ती नागमोडी दिसेल. सरळ रेषेपेक्षा हा रस्ता लांब, तरी अंतर जास्त.

अट एकच: सुरुवातीचं उजवीकडचं कलणं घडावं एवढा वेग हातात हवा. रुंद, धारदार कडेच्या ड्रायव्हर ताशी १०० किलोमीटरच्या पुढे खुलतात. ज्याचा हात ताशी ६५-७० वर थांबतो, त्याच्या हातून ती फक्त डावीकडे पडते. अशा माणसानं जाहिरातीत सगळ्यात वेगवान म्हटलेली तबकडी मुळीच घेऊ नये. मध्यम कडेची, हलकी, म्हणजे दीडशे-एकशे साठ ग्रॅमची आणि उजवीकडे लवकर वळणारी तबकडी त्याला कितीतरी लांब नेईल. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

बॅकहँड की फोरहँड? कमाल अंतरासाठी उत्तर बहुतेकदा बॅकहँडच. त्यात पाठ लक्ष्याकडे वळते. मग पुढचा पाय रोवला की कंबर, खांदा, कोपर, मनगट अशी रांगेनं गती चढत जाते, आणि वेगाबरोबर फिरकीही भरपूर मिळते. पण मैदानी क्रिकेटवर वाढलेल्या मुंबईकराला फोरहँड आधी जमतो. कव्हरवरून कमरेच्या उंचीनं यष्टिरक्षकाकडे केलेली सपाट फेक आणि ही फेक सख्ख्या बहिणीच. अडचण अशी की त्या सवयीत हात शेवटी उलटा वळतो, तबकडी डगमगत निघते, फिरकीही कमी. त्यामुळे फोरहँडला सहज न उलटणारी, हट्टी तबकडी लागते. डोक्यावरून चेंडूसारखी उभी फेकली तर ती हवेत पालथी होऊन कोसळते. झाडावरून पलीकडे टाकायला ठीक, अंतराला नाही.

उचलीची जागा वेगाबरोबर सरकलीच नाही तर? ते साधलं आहे एरोबी नावाच्या पातळ कड्यात, ज्याचा मधला भाग पोकळ असतो. २००३ साली सॅन फ्रान्सिस्कोत एरिन हेमिंग्ज यानं ते ४०६ मीटर फेकलं.

जुहूवर वारा मोठा भिडू. दुपारनंतर तो समुद्राकडून येतो आणि किनारा उत्तर-दक्षिण, म्हणजे वारा नेहमी आडवा. उजव्या हाताच्या बॅकहँडवाल्यानं उत्तरेकडे तोंड केलं तर शेवटी डावीकडे कललेल्या तबकडीची पाठ वाऱ्याला लागते आणि तो तिला खाली दाबतो, तेही पाण्याच्या बाजूला. ड्रायव्हर बहुधा तरंगत नाहीत. दक्षिणेकडे तोंड केलं तर तोच वारा तिच्या पोटाखाली शिरतो, तिला उचलून जमिनीकडे वाहत नेतो. काही मीटर फुकट. शिवाजी पार्कात समुद्राला पाठ करून फेकली तर वारा पाठीशी, पण पाठचा वारा तबकडीभोवतीच्या हवेचा वेग कमी करतो, त्यामुळे ती लवकर डावीकडे वळते. तिथे हलकी, चटकन उजवीकडे झुकणारी तबकडी आणि थोडी जास्त उंची. समोरून वारा असेल तर सगळं उलट: जड, हट्टी आणि खाली.

ताशी शंभराच्या वेगानं येणारी टणक कड कुणाच्या कपाळावर बसली तर दवाखानाच. संध्याकाळची चौपाटी त्यामुळे बाद. मोकळा किनारा मिळतो तो भल्या पहाटे, तेव्हा समुद्राचा वारा नसतो. असलीच तर जमिनीकडून येणारी मंद झुळूक. पण त्या वेळी ओहोटी असेल तर ओली वाळू घट्ट आणि सपाट असते, आणि तिच्यावर रोलर टाकता येतो. बाहेरची कड बरीच वर ठेवून बॅकहँड सोडायचा. तबकडी उजवीकडे उलटत उलटत कडेवर उतरते आणि चाकासारखी पळत सुटते. उचलीचा प्रश्नच उरत नाही. कमी ताकदीच्या हातालाही अनेकदा हवेतल्या फेकीपेक्षा यात जास्त अंतर मिळतं, फक्त भरतीच्या रेषेवरची कोरडी, भुसभुशीत वाळू टाळायची. तिथे ती दोन हातांत रुतते.